कुरकुरणारं दार

मी फटकळ आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे मी कुणाचं कौतुक केलं तर ते खरं मानायला हरकत नाही. माझ्या सुनेच्या हाताला तोड नाही. ती गिटार बनवते, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या आणि यांचं ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेलं सामान असायचं.

सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. ऑफिसातून वर्षभराची बिनपगारी रजा काढून कुणी लाकूड तासत बसतं का? त्यात तिने कॉम्प्रेसर नावाचं धूड आणलं. हवा कोंडून ठेवणारी लोखंडी टाकी आणि वर मोटर. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा माझ्या हातातलं ताट खाली पडलं. फवारणीच्या खोलीत ठिणगी नको म्हणून तो बाहेर बोळात असतो. त्याची नळी भिंतीतल्या भोकातून आत जाते आणि नळीच्या टोकाला स्प्रे गन.

एकदा तिने मला मास्क लावून आत उभं केलं. आधी जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. टाकी भरून मोटर गप्प होईपर्यंत थांबली. मग पुठ्ठ्यावर एक फवारा मारून बघितला, गनचा एक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा बघितला. आणि मग गिटारपासून वीतभर अंतर राखून तिचा हात असा सरळ गेला की मनगट जरासुद्धा वळलं नाही. कड यायच्या आधी फवारा सुरू, कड ओलांडल्यावर बंद, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवलेला. लॅकर, म्हणजे ते पारदर्शक रोगण, काचेसारखं पसरलं आणि लाकडातल्या रेषा वर आल्या. रंगारी मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या डोक्यावर उभी राहून कामंही करून घेतलीत, पण असा हात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी नाक मुरडणं सोडलं.

फवारणीच्या दिवशी घरात तिचं राज्य. तळण नाही, चादरी झटकायच्या नाहीत, केसांना तेल लावून त्या खोलीकडे फिरकायचं नाही. तेलाचा अंश जरी लाकडावर बसला तरी लॅकर तिथून अंग काढून घेतं, असं तिचं म्हणणं. म्हणून त्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांनाही तेल बंद. दार भयंकर कुरकुरायचं. सकाळी कुरकुर ऐकू आली की आम्ही समजायचो, बाईसाहेब कामाला लागल्या.

आजवर तिने गिटारी केल्या त्या मित्रमैत्रिणींसाठी. ही पहिली परक्या माणसासाठी होती. कार्यक्रमांतून वाजवणारा एक वादक शनिवारी ती न्यायला येणार होता. नेमकी तिची रजाही तेव्हाच संपत होती. सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची.

“ओळखीचे लोक वाईट म्हणत नाहीत, आई,” ती मला म्हणाली होती. “परक्या माणसाने हातात घेऊन पसंत केली, तर मी सोडेन नोकरी.”

लॅकरचा शेवटचा हात वाळून कडक व्हायला जेमतेम पुरतील एवढेच दिवस उरले होते. तो हात देऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. मला आत नेऊन तिने गिटार दाखवली. देवीचे व्रण असावेत तसे बारीक बारीक खळगे सगळीकडे पडले होते.

ती रडली नाही, चिडली नाही, कामाला लागली. पहिला संशय कॉम्प्रेसरवर. टाकीच्या तळाची तोटी उघडून साठलेलं पाणी काढलं, नळीवरची जाळी बदलली, नुसती हवा आरशावर मारून बघितली. एक ठिपका नाही. मग गन नळीसकट अंगणात नेऊन एका फळीवर फवारा मारला, स्वच्छ. तसल्याच फळीवर खोलीत मारला, तर खळगे. म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेत काही नव्हतं, गनमध्ये नव्हतं, जे होतं ते खोलीत होतं.

ती दाराशी उभी राहिली. दार उघडलं, लावलं, परत उघडलं. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

“आई,” ती म्हणाली, “दार कुरकुरत नाहीये.”

ओट्यावर बसलेल्या यांच्या हातातला कप तसाच राहिला. हे उठून कपाटातून फवाऱ्याचा एक डबा घेऊन आले. माझी सोडून दुसरी कुठलीच कुरकुर यांना सहन होत नाही. त्यात परका माणूस घरी येणार, आणि दार असं रडतंय, ते बरं दिसेना. पण सुनेचा नियम मोडायचा नव्हता. म्हणून दुकानात जाऊन मुद्दाम बिनतेलाचं काहीतरी मागितलं होतं. डब्यावर ठळक लिहिलेलं होतं: तेलकट नाही, डाग पडत नाही. तिने तो फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचलं. सिलिकॉन. तेल परवडलं, पण हवेतून खोलीभर बसणारं हे नको. ती पायरीवर खाली बसली.

मी यांना फाडून खायलाच निघाले होते. तिने मला अडवलं. बाबांनी माझाच नियम पाळला, म्हणाली. तेल नको एवढंच मी सांगितलं होतं.

मग तिनेच सांगितलं की सोपी वाट एक आहे. लॅकरमध्येच सिलिकॉनचे एकदोन थेंब टाकायचे. सगळीकडे सारखंच सिलिकॉन झालं की लॅकर अंग काढून घेत नाही, खळगे भरून येतात, वरून गुळगुळीत. मी म्हटलं, मग टाक की.

“आणि उद्या हिला ओरखडा आला तर? जो दुरुस्तीला घेईल त्याचं लॅकर हिच्यावर बसणार नाही, आणि का बसत नाही हे त्याला कळणारही नाही. माझ्यामागची पीडा त्याच्या गळ्यात का घालू?”

मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे नीट वाचा.

तिने सगळं लॅकर घासून काढलं. भिंती, नळी, एप्रन, सगळं धुऊन काढलं. यांनी बिजागऱ्यांच्या सळया उपसून थिनरच्या फडक्याने पुसल्या, पुन्हा पुन्हा, नको म्हटलं तरी. मग तिने पहिले हात नुसत्या धुक्यासारखे दिले, जेमतेम दिसतील न दिसतील असे, आणि प्रत्येक हातानंतर थांबली. घाई तिलाच होती आणि घाई तिनेच केली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तो मी तिला सांगितलाही.

शनिवारी गिटार आकड्याला टांगलेलीच होती, ओली, तारांशिवाय. फोनवर सांगण्यापेक्षा दाखवते, म्हणून तिने वादकाला येऊ दिलं होतं. काय झालं ते सगळं सांगितलं, फक्त कुणी केलं ते सोडून. खोली माझी, म्हणजे चूक माझी, म्हणाली.

“चूक माझी,” मागून हे म्हणाले. “दाराला ते मी लावलं.” घरात दिवा कुणी चालू ठेवला हेसुद्धा कधी कबूल न करणारा हा माणूस, परक्यासमोर मान खाली घालून उभा होता.

वादकाने वाकून उजेडात गिटार खूप वेळ पाहिली.

“थेंब टाकले असते तर मला कळलं नसतं,” तो म्हणाला.

“तुम्हाला नसतं कळलं,” ती म्हणाली.

वाळू दे, मी परत येतो, एवढंच बोलून तो गेला. पसंत आहे म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. सोमवारचं काय ठरवलंस, हे रविवारभर आम्ही तिला विचारलं नाही.

सोमवारी सकाळी तिची ऑफिसची बॅग पुढच्या दाराजवळ खुंटीवर होती. हे वर्तमानपत्राचं पहिलंच पान धरून बसले होते. मी तळणाची कढई गॅसवर ठेवली, पण कान दारांकडे. पुढचं दार लागताना धाडकन आवाज होतो. मी त्या आवाजाची वाट बघत होते आणि तो होऊ नये असं मनात म्हणत होते.

मागून कुरकुर ऐकू आली. लांबलचक, कर्कश, पूर्वीपेक्षा वाईट.

“बिजागऱ्या जरा जास्तच स्वच्छ पुसल्या गेल्या वाटतं,” हे म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. माझेही डोळे भरून आले होते. मग बोळात कॉम्प्रेसर धडधडायला लागला, आणि मी गॅस बंद करून कढई खाली उतरवली.