फळ्यावरचा आठ

होडी माझी, जीवरक्षक जाकिटं माझी, आणि तोंडघशी पडायचं तेही मीच. गेले दोन रविवार वाऱ्याचा अंदाज वाईट होता, म्हणून मेहुण्याच्या लेकीला धक्क्यावरूनच परत पाठवलं. दोन्ही वेळा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा गप्प. आज तिसरा रविवार.

"भावोजी, आज तरी मुहूर्त आहे का?" मेहुण्याने आल्या आल्या विचारलं. मुलगी तर मागच्या वेळी नेलेलं जाकीट घरूनच घालून आली होती.

सकाळचा सागरी अंदाज मी तीनदा वाचला होता. दुपारनंतर वारा अठरा नॉट, झोत अठ्ठावीसपर्यंत. माझ्या इवल्या शिडाला बारा म्हणजे डोक्यावरून पाणी.

"नाही," मी म्हणालो.

"फळ्यावर तर आठ लिहिलाय."

धक्क्यावरच्या बंदर कचेरीबाहेरच्या फळ्यावर खरंच आजची तारीख होती, आणि खाली वारा आठ नॉट. मी तणतणत आत गेलो. कारकून चहा ढवळत होता.

"हा आठ कुठून आणलात?"

"आठच असतो हो बहुतेक. तारीख मी रोज न चुकता बदलतो."

"आणि आकडा?"

"तो फार सुबक आलाय. पुसवत नाही."

 

बाहेर येतो तर मेहुणा होडीचा दोर सोडत होता. मी तो हातातून ओढून घेतला.

"तासाभरात परत येतो, भावोजी."

"वाऱ्याला तुझा तास कळतो का? लेकराला घेऊन मी जाणार नाही, आणि होडीही देणार नाही."

मुलीने जाकीट काढलं, नीट घडी करून माझ्या हातात दिलं. "आतोबा, तुम्हाला समुद्र आवडत नाही का?"

एक वाजता ते गेले. जाताना मेहुणा हसून म्हणाला, "वारा आला की कळवा, आम्ही आरतीचं ताट घेऊन येतो." तेव्हाही पाण्यावर सुरकुती नव्हती. मी होडीत बसून दोर पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. स्वतःवरच चिडलो होतो.

तीन वाजता शिडाचं कापड फडफडलं. सव्वातीनला लाटांवर फेस चढला, होडी धक्क्यावर आपटू लागली. बघायला मात्र त्या दोघांतलं कुणी नाही.

कारकून डोक्यावरची टोपी धरत बाहेर आला. त्याने आठ पुसला. मग खडू धरून उभाच राहिला.

"किती लिहू?"

"आजचं राहू द्या आता," मी म्हणालो. "उद्याचं लिहा. सांगतो."