गंधर्वाचा कागदी घोडा

मंडईच्या जत्रेचा पाचवा दिवस होता आणि तळ्याच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबीवाला माश्या हाकत बसला होता, पाळणा रिकामा लटकत होता. सारा गाव चिंचेखाली लोटला होता, कारण तिथे एक कागदाचा घोडा नाचत होता.

चौरंगावर एक तंबोरा आडवा निजवलेला. त्याच्या तारेवर नखाएवढा कागदी घोडा, दोन्हीकडे पाय टाकून बसवलेला. तंबोऱ्याला कोणी हात लावत नव्हतं. गंधर्वबाबा आपली एकतारी चौरंगाला टेकवून छेडायचे, समोर पाटावर बसलेली बाई त्यांच्यामागून "आऽऽ" म्हणायची, आणि एकाएकी घोडा थरथरायचा, उडायचा, टप्पकन खाली पडायचा.

"आला!" बाबा ओरडायचे. "आला रे गंधर्व! इस बाई को छोडा नहीं उसने!"

"बाबा की जय!" हातातली काठी आपटून लटारू कोतवाल पुकारा करायचा, आणि लोक तोंडात बोटं घालायचे. मीही घातली. खोटं कशाला सांगू?

मी सोमाजी. तळ्यात जाळं टाकून पोट भरतो, आणि एकादशीला गुणवंतराव मास्तरांच्या कीर्तनात मागे एकतारी धरून उभा राहतो. कीर्तन म्हटलं की मला जेवण सुचत नाही. आख्यान रंगलं की डोळे आधी भरतात, आणि कशासाठी भरले ते मागून कळतं. देवाचं नाव घेणाऱ्याला नाही म्हणायची सवय मला नव्हती.

बाबांपाशी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी होती. ती कपाळाला लावून ते सांगायचे, "सुनो! लग्नातला मंत्र हाये. भटजी म्हनते, पन अर्थ सांगत नाई. काऊन? दक्षिणा बुडल! मंत्र नवरीले सांगते, तुहा पहिला पती सोम, दुसरा गंधर्व, तिसरा अग्नी, आन चौथा हा मानसाच्या पोटचा. चौथा! ऐकलं का रे, चौथ्या नंबरवाल्यांनो?"

लोक हसायचे, आणि मग हसणं आपोआप बसायचं.

"सोम भला देव, सोडून देते. अग्नी बी सोडते. पन गंधर्व? गानारा, रंगेल, हट्टी! आवडली बाई तं लग्न झाल्यावर बी सोडत नाई. बाई तुमच्या घरी, मन त्याच्यापाशी!"

उपाय सोपा होता. बाईच्या गळ्यातलं सोन्याचं डोरलं बाबांच्या पेटीत ठेवायचं. अमावस्येला बाबा ते वैनगंगेत सोडणार, मग गंधर्व आपला वाटा घेऊन जाणार, आणि बाई पुरी नवऱ्याची होणार.

त्या आठवड्यात गावातल्या नवऱ्यांना काय झालं होतं ते आज आठवून हसू येतं. आमच्या आळीतल्या इस्तारीनं बायकोचा आरसा फोडला. एक जण बायकोला पाण्याला एकटी जाऊ देईना, स्वतःच डोक्यावर घागर घेऊन तिच्यामागे चालायचा. बाया आधी हसल्या, मग घाबरल्या, मग गळ्यातलं काढून देऊ लागल्या. सात डोरली पेटीत गेली.

आता माझं सांगतो. माझ्या बायकोचा, गोकुळाचा, गळा असा की धानाच्या रोवण्यात तिनं ओळ उचलली की पल्याडच्या बांधीतल्या बायांचे हात थांबत आणि मालक शिव्या देई. माझा आवाज फाटका. मास्तरांनी एकतारी दिली ती बहुधा मी तोंड बंद ठेवावं म्हणूनच. लोक चेष्टेनं म्हणत, "सोमाजी, एकतारी तुही, पन मानसं येते तं गोकुळाच्या मांगून म्हनासाठी." मी हसायचो आणि घरी येऊन तिच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणायचो. हा काटा जुनाच होता. बाबांनी त्याला फक्त एका देवाचं नाव दिलं.

"कोनासाठी गाऊन राह्यली?" एका संध्याकाळी मी विचारलं.

"भाजीसाठी. शिजून नाई राह्यली लवकर."

"हे गानं कुठी शिकली?"

"माय म्हने."

"मी तं कधी ऐकलं नाई."

"तुमी घोरता न. घोरन्यावर ताल धरता येत नाई मले."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी हसलो असतो. त्या दिवशी मला वाटलं, मी झोपल्यावर ही कोणासाठी गाते? कोण बसतो ऐकायला? माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. पण जो दिसत नाही, म्हातारा होत नाही, ज्याचा आवाज कधी फाटत नाही, त्याच्याशी मी जाळं टाकणारा ढिवर कसा भांडणार?

"तुले बाबापुढे बसा लागते," मी म्हणालो.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बसीन," एवढंच म्हणाली.

ती बसली. बाबांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, एकतारीची खुंटी जराशी पिळली, तार छेडली. गोकुळानं "आऽऽ" लावला आणि घोडा असा उडाला की थेट लटारूच्या पागोट्यावर जाऊन बसला. गर्दी "अरारा!" म्हणाली. माझे कान तापले.

"कलाकार बाई!" बाबांनी मान डोलावली. "गंधर्व ऐसीही बाई ढूंढता है. डोरलं उद्या दुपारी आनून द्या."

घरी येताच तिनं डोरलं उतरवलं आणि भिंतीच्या खुंटीला टांगलं.

"न्यायचं असल तं तुमच्या हातानं न्या. पन ऐकून ठेवा, संशयानं गेलेलं डोरलं मी परत घालनार नाई. त्याच्यासंगं मीबी जाईन, मायच्या घरी." मग दारातून मागे वळली. "आन त्या बाबाले एक इचारा. गंधर्व सोनं पाहूनच येते का? शेजारची सुकरी बसली, लटारूभाऊची सोनीबाई बसली. दोघींच्या गळ्यात नुसती काळी पोत, सोनं नाई. घोडा हालला नाई. सोन्यावाल्या बसल्या, दर बारीले हालला. आन सोनं दिसलं का बाबा आंगठ्यानं खुंटी पिळते. पोतवाली बसली तं पिळतच नाई."

"तू देवाच्या कामात खोट काढून राह्यली?"

"देवाच्या नाई. त्याच्या आंगठ्याच्या."

मी ऐकलं, पण कानात शिरू दिलं नाही. हेवा म्हणजे असा पाहुणा, की तो घरात असला की दुसऱ्या कोणाला आत येऊ देत नाही.

सकाळी डोरलं कमरेला खोचून मी आधी शाळेत गेलो. म्हटलं, मास्तरांची एकतारी परत करू. ज्याची बायको दुसऱ्याची, त्यानं कीर्तनात कोणत्या तोंडानं उभं राहावं? शाळेत वडशाचे कय्यूमभाई बसले होते. नाटकवाल्यांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस. मास्तरांची पेटी बाकावर उघडून एकेक सूर तपासत होते. मी एकतारी त्याच बाकावर टेकवली.

कय्यूमभाईंनी एक पट्टी दाबली. दुसरी दाबली. तिसरी दाबली आणि माझी एकतारी बोलली. घूंऽऽ. आपसूक.

"सोमाजी, उचल न यार तुही एकतारी! मधात बोलते, मले पेटीचा सूर समजत नाई."

"मी हात नाई लावला."

"हात कायले पायजे? पेटीचा सूर आन तुह्या तारेचा सूर एक हाये, आन दोघं एका लाकडावर बसले. एक बोलला का दुसरा हालतेच. सगे भाई हैं ये."

मी तिथेच खाली बसलो. हे मी शंभरदा पाहिलं होतं! कीर्तन सुरू व्हायच्या आधी मास्तर तंबोरा लावत तेव्हा माझी एकतारी अशीच गुणगुणायची, आणि मी तिच्या तारेवर बोट ठेवून तिला गप्प करायचो. घोडा नव्हता तेव्हा, एवढाच काय तो फरक.

मास्तरांना सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. त्यांनी खुंटीवरचं उपरणं घेतलं. "चला. तंबोरा, एकतारी आणि तो बाकही उचला."

चिंचेखाली बाबांनी मला पाहून हात पुढे केला. "लाओ, डोरलं!"

"देतो," मास्तर म्हणाले. "आधी आमच्या लटारूला पाटावर बसवा."

"मर्द पर गंधर्व नहीं आता! शाप लगेगा!"

"लागू द्या. माझा पगार वेळेवर येत नाही, शाप तरी कुठे वेळेवर येणार?"

लोक हसले. तोवर कय्यूमभाईंनी बाकावर मास्तरांचा तंबोरा आडवा ठेवला, माझी एकतारी त्याच बाकाला टेकवली, आणि विडीच्या कागदाचा घोडा कातरून तारेवर बसवला. घोडा कसला, बोकडच दिसत होता. लटारू मिशांवर हात फिरवत, घाबरत बसला. "आऽऽ" म्हणाला. कय्यूमभाईंनी तार छेडली. काही नाही. खुंटी केसभर पिळली, पुन्हा छेडली. बोकडानं टुणकन उडी मारली.

"लटारूभाऊ! गंधर्व तुले बी सोडत नाई रे!" गर्दीतून कोणी ओरडलं.

"घेऊन जाय म्हना त्याले!" सोनीबाई मागून ओरडली. "मिशीसकट!"

मग लटारूला उठवलं. रिकाम्या पाटासमोर तार छेडली. घोडा नाचला. खुंटी जराशी उतरवली, घोडा गपगार. पुन्हा चढवली, पुन्हा नाच. बाई नको, गंधर्व नको. दोन तारा एका सुरात असल्या आणि एका लाकडावर असल्या की एकीचा कंप लाकडातून दुसरीला पोचतो. सूर जुळू द्यायचा की नाही, हे बाबाच्या अंगठ्यावर होतं.

तेवढ्यात गर्दीतून गोकुळा पुढे आली. बाबाची एकतारी तिनं उचलली, चौरंगाला टेकवली, कान देऊन खुंटी पिळली आणि सुकरीला हात धरून पाटावर बसवलं. तार छेडताच बाबाचाच घोडा उडाला.

"सुकरे, आला गं तुहाबी!" गोकुळा म्हणाली. "आता सांगा महाराज, हिच्यापाशी डोरलं नाई. काय नेता?"

महाराज पोथी बांधायला लागले होते. कालपर्यंत जयजयकार करणाऱ्या लटारूनं काठी आडवी घातली. "पेटी इथीच ठेवा." सात बायांनी आपापलं डोरलं ओळखून घेतलं.

पण इस्तारीच्या पोटातला संशय जात नव्हता. "मास्तर, घोडा खोटा हाये, पन मंत्र तं खरा हाये न? तीन नवरे तं हायेतच!"

पुरुषांच्या माना वर झाल्या. माझीही.

मास्तरांनी कीर्तनात घेतात तसं उपरणं कमरेला आवळलं. "मंत्र खरा आहे, फार जुना आहे. पण त्यात शब्द आहे पती. पती म्हणजे नवराच का रे? सेनापतीनं सेनेशी लग्न लावलं का? आपल्या तालुक्याच्या जनपद सभेच्या सभापतीनं सभेला मंगळसूत्र बांधलं का? शाळेत ती नवी तसबीर लावली, ती कोणाची?"

"राष्ट्रपतीची!"

"मग झाला का तो राष्ट्राचा नवरा?"

चिंचेवरची पाखरं उडाली एवढा हशा झाला.

"पती म्हणजे राखणारा. पोर लहान असते तेव्हा चांदण्यासारखी वाढते, तो सोम, म्हणजे चंद्र. तिला कंठ फुटतो, तो गंधर्व. अंगात ऊब येते, चुलीशी बसते, तो अग्नी. तिघांनी राखली, आणि चौथ्याच्या हाती देताना सांगितलं, आता तू राख. बायकोला लहानपणी ज्यांनी राखलं त्यांचा हेवा करता, इस्तारी? मग सासऱ्याचाही करा!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझाच अर्थ शेवटचा असं मी म्हणत नाही. जाणती माणसं अजून वाद घालतात. पण ज्या अर्थानं बाईच्या गळ्यातलं सोनं अर्थ सांगणाऱ्याच्याच पेटीत पडतं, तो अर्थ दहादा तपासा."

मी कमरेचं डोरलं काढून गोकुळापुढे धरलं. तिनं घेतलं नाही.

"खुंटीवरून कोनी काढलं?"

"मीच."

"मंग एकादशीले उभे राहा, आन कोनी काढलं, काऊन काढलं, सगळ्याइले सांगा. मंग पाहीन."

एकादशीला मास्तरांनी आख्यान मध्येच थांबवून मला पुढे ढकललं. फाटक्या आवाजात मी सांगितलं, तेच आज लिहितो आहे. लोकहो, देव मानू नका असं मी म्हणत नाही. मी मानतो, आणि कीर्तनात आजही रडतो. पण देवाचं नाव घेऊन कोणी तुमच्या घरात संशय पेरू लागला, तर पोथीआधी त्याच्या हाताकडे बघा. चमत्कार दिसला तर तो दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या माणसावर, भर दुपारी करून बघा. आणि सगळ्यांत आधी आपल्या पोटात बघा. बाबानं एकतारी नुसती छेडली होती. तिच्या सुरात लागलेली तार माझ्याच आत होती, म्हणून मी हाललो. आमच्याकडे कागदी घोडे नाचतात ते असे.

मी खाली बसलो. बायांच्या बाजूला कुजबुज झाली. गोकुळा उठली, माझ्या हातातून डोरलं घेतलं आणि स्वतःच्या हातानं गळ्यात बांधलं.

"नाव घे, नाव घे! त्याशिवाय बसू देनार नाई!" सोनीबाई ओरडली.

गोकुळानं पदर सावरला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"गंधर्वानं देल्ला गळा, अग्नीनं देल्ली चूल,
पोथीतला पहिला सोम घरीच, सोमाजीले पडली भूल!"