अक्कांच्या दोरीचा खांब

मित्रांनो, माझ्याजवळ कोणीही आले, की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो. ही माझी जुनी खोड आहे. हातात दोरी असेल तर ती माझ्या गळ्यात पडणार, हातोडी असेल तर ती डोक्यात बसणार, आणि हात रिकामा असेल तर तो मला गदागदा हलवून बघणार, हे ठरलेलेच. मी एक जुना लोखंडी खांब आहे. एका घराच्या मागच्या अंगणात, फाटकाशी उभा आहे.

खरे तर मी खांब व्हायचा नव्हतो. कारखान्यात माझा जन्म झाला तो पाण्याचा पाइप म्हणून. मला वाटले होते, आपल्यातून गार पाणी खळखळत जाईल आणि कुणाची तरी घागर भरेल. पण तपासणीत माझ्या टोकाला बारीकशी चीर निघाली. ज्यांनी मला घडवले, त्यांनीच मला नापास केले आणि भंगारात टाकले. संशय घ्यायला मी तिथेच शिकलो.

भंगाराच्या दुकानातून मला या घराच्या तेव्हाच्या मालकांनी उचलले. त्यांना दोन मुले. थोरली अक्का आणि धाकटा. मालकांनी फाटकाशी खड्डा खणला, मला त्यात उभे केले आणि सिमेंट ओतले. घराच्या मागच्या दाराला एक हुक ठोकला आणि हुकापासून माझ्यापर्यंत कपडे वाळवायची दोरी ताणली. मग दोन्ही हातांनी मला हलवून बघत ते म्हणाले, "घर पडेल, पण हा खांब पडायचा नाही." आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. ती ऐकूनही मला वाटले होते, यांना घराचा भरवसा नाही की काय?

पुढची कितीतरी वर्षे मी कपडे सांभाळले. चादरी, गणवेश, धाकट्याचे एकाच पायाचे मोजे, कारण दुसरा तो नेहमी हरवायचा. मालक गेले. धाकट्याचे लग्न झाले, वहिनी आल्या. अक्का शिक्षिका होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि मागच्या खोलीत राहू लागल्या. मग घरात कपडे सुकवणारे यंत्र आले आणि माझी दोरी रिकामी झाली. माझ्या अंगावरचा रंग पोपडे धरून पडला. शेजारची मांजर मला पाठ घासायची, तेवढीच काय ती माझी विचारपूस.

अक्का मात्र रोज यायच्या. एक टॉवेल घेऊन दारातून निघायच्या, दोरीवर हात ठेवायच्या आणि हात सरकवत, सावकाश, माझ्यापर्यंत यायच्या. टॉवेल दोरीवर टाकायच्या, फाटक उघडायच्या, भाजीवाल्याशी मनसोक्त भांडून भाजी घ्यायच्या. घरच्यांना वाटायचे, अक्का रोज टॉवेल धुतात. मला माहीत होते की तो टॉवेल कोरडा असतो.

अक्कांना दिसेनासे झाले होते. उजेड आणि सावली कळायची, बाकी सगळे धुके. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. खांबाला मात्र माणसे काहीही सांगतात. एकदा मला टेकून त्या हळूच म्हणाल्या, "यांना कळलं ना, की मला एकटीला एक पाऊलही टाकू देणार नाहीत. धाकट्याचा जीव आहे माझ्यावर, तीच तर भीती आहे."

आणि मग एके दिवशी बागवाल्या बाई आल्या. अंगणांचे आराखडे करून ती नव्याने सजवून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हातात मोजायची फीत होती. मी सावध झालो. त्यांच्याबरोबर खणणारा एक माणूस होता. तो काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

धाकट्याने पहिल्याच वाक्यात कुंपण घातले. "बाई, खर्चाचा आकडा एकच. त्यात बसेल ते बसवा. नंतर 'थोडं वाढलं' असं म्हणायचं नाही."

"मी कधीच म्हणत नाही. घरातली माणसंच म्हणतात," बाई म्हणाल्या.

वहिनींना हिरवळ हवी होती, वळणावळणाची वाट हवी होती आणि मधोमध एक छोटे कारंजे. बाईंनी कागदावर रेघा ओढल्या. "कारंजं घेतलं तर बसायचा ओटा सोडावा लागेल. आणि ही दोरी कसली?"

"अक्कांची. एका टॉवेलपायी अख्खं अंगण अडवलंय," वहिनी म्हणाल्या. मग घराकडे बघत त्यांनी आवाज खाली केला. "हळू बोला हं. त्यांना बाग नकोच आहे."

हेच तर चुकले. ज्यांचे डोळे अधू होतात, त्यांचे कान तिखट होतात. दाराआड उभ्या अक्कांना ती कुजबुज ऐकू गेली, पण शब्द कळले नाहीत. संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "कागद उलगडतात आणि आवाज दाबतात. नक्की माझंच काहीतरी चाललंय."

मलाही तसेच वाटत होते. फक्त मला वाटत होते, माझेच काहीतरी चालले आहे.

काम सुरू झाले आणि पैलवानाने पहिल्याच दिवशी दोरी सोडली. त्याच्या हातात करवत होती, पण बाईंनी त्याला थांबवले. "खांब राहू दे काम संपेपर्यंत. याच्याइतकं घट्ट इथे काहीच नाही." त्यांनी त्याच हुकापासून माझ्यापर्यंत एक बारीक सुतळी बांधली. ती अगदी एका पातळीत धरायची आणि तिच्यापासून खाली मोजत जमिनीला उतार द्यायचा, म्हणजे पाणी घराकडे न येता फाटकाकडे जाते. माझी गाठ जागेवर, तर सगळी बाग जागेवर.

दुपारी सगळे जेवायला गेले. अक्का दारात आल्या. त्यांचा हात हवेत दोरी शोधू लागला. तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मला ते बघवेना. शेवटी हुकाशी त्यांच्या बोटांना सुतळी लागली. त्यांनी ती चाचपली, जरा थांबल्या आणि तिच्यावर भार देत निघाल्या. सुतळी ताणली गेली आणि माझ्या गोल अंगावरून गाठ बोटभर खाली घसरली.

गाठ खाली गेली, तसे दुपारनंतरचे खणणेही खाली गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मापे घेतली आणि कपाळाला हात लावला. माती पुन्हा भरावी लागली. हे एकदा झाले, मग पुन्हा झाले, आणि त्या अंगणात संशयाचे पीक तरारून आले.

"मांजर असेल," पैलवान म्हणाला.

"मांजरीला गाठ सरकवता आली असती, तर तुझ्याऐवजी मी तिलाच कामावर ठेवलं असतं," बाई म्हणाल्या.

धाकटा वहिनींना बाजूला घेऊन म्हणाला, "काम लांबवायची युक्ती आहे ही. उद्या म्हणतील, मजुरी वाढली, कारंजं विसरा."

वहिनी म्हणाल्या, "मला वेगळंच वाटतंय. दुपारी घरात कोण असतं?"

"अक्का? अगं, ती कशाला..." तो म्हणाला, पण त्याच्याही डोळ्यांत शंका उतरलेली मला दिसली. त्या दिवसापासून वहिनी अक्कांशी मोजून मापून बोलू लागल्या, आणि अक्कांचा संशय आणखी पक्का झाला. मी सगळ्यांचे ऐकत होतो. खरे काय ते माझ्या पोटात होते आणि मी मेला लोखंडाचा.

एके दिवशी दुपारी बाई जेवायला गेल्याचे दाखवून परत फिरल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी पिशवीतून निळीची पुडी काढली. पांढऱ्या कपड्यांना घालतात ती नीळ. सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी ती कोरडी पूड चोळली. "हात लावणाऱ्याचा हातच सांगेल," असे स्वतःशी म्हणत त्या निघून गेल्या.

हा सापळा कुणासाठी आहे, ते फक्त मला ठाऊक होते. त्याच सकाळी पैलवानाने पाण्याच्या नळीसाठी अंगणातून आडवा खोल चर खणला होता. अक्कांना तोही माहीत नव्हता.

त्या आल्या. खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात सुतळी. चराच्या काठाशी त्यांच्या पायाखालची माती ढासळली. त्या थबकल्या. दोन्ही हातांनी सुतळी धरून त्यांनी एक पाय पुढे केला, हवेत चाचपला, पलीकडची कड शोधली आणि ओलांडून आल्या. माझ्यापाशी पोचल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

चहाच्या वेळी सगळे मागच्या पायऱ्यांवर जमले. बाई माझ्याकडे नजर टाकून म्हणाल्या, "आज पुन्हा गाठ खाली आहे."

वहिनी चहाचे कप घेऊन येत होत्या. आज त्यांनी ठरवलेच होते. "अक्का, राग मानू नका. पण तुम्ही त्या दोरीला हात लावता का?"

"मी? मी कशाला लावू तुमच्या दोरीला हात? मी आज खोलीबाहेरच पडले नाही," दारातल्या खुर्चीवरून अक्का ठणकावून म्हणाल्या. आणि त्यांनी चहासाठी हात पुढे केला.

तो हात मनगटापर्यंत निळा होता. कपाळावर निळा पट्टा होता. टॉवेलवर पाचही बोटे उमटली होती. बाईंनी पिशवीतली निळीची पुडी वर काढून सुतळीकडे बोट दाखवले.

धाकट्याला हसू फुटले. "अक्का, शाळेत पोरांची चोरी पकडायचीस आणि आता स्वतः..."

"कसली चोरी?" अक्कांनी मान ताठ केली. "पुरावा दाखव."

धाकट्याचे हसू विरले. वहिनींनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू विचारले, "अक्का, तुमच्या हाताला काय लागलंय?"

अक्कांनी तळवा वळवला. डोळ्यांजवळ आणला, आणखी जवळ आणला. मग म्हणाल्या, "माती असेल."

पैलवानाने उगाचच आपले पाय जवळ घेतले. वहिनी चराकडे बघत होत्या, तिथल्या ढासळलेल्या काठाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही तो ओलांडून गेलात? एकट्या?"

आता अक्कांना कळले की यांना कळले आहे. त्यांनी निळे हात मांडीवर घट्ट मिटून घेतले. "कोंडून घाला आता मला. तेच ठरवत होतात ना इतके दिवस, हळू आवाजात?"

"आम्ही कारंजं ठरवत होतो गं," धाकटा कसाबसा म्हणाला. "तुला बाग आवडणार नाही म्हणून हळू बोलत होतो."

"मला का नाही आवडणार बाग?"

"काय चाललंय, ते तू कधी विचारलंस?"

"तू कधी सांगितलंस?"

भावंडांचे भांडण लागणार असे दिसताच वहिनी मध्ये पडल्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी अक्कांचे हात धुतले. नीळ लवकर निघेना, त्यामुळे बराच वेळ धुतले. मग बाईंना म्हणाल्या, "कारंजं खोडा. फाटकापर्यंत मजबूत कठडा बसवा."

"आकडा तोच राहील," बाई म्हणाल्या. "वाट सरळ केली तर पैसे उरतीलही. वळणं महाग असतात."

"कठडा नको," अक्का म्हणाल्या. "कठडा धरला की माणूस आजारी दिसतं. दोरी धरली की कामात दिसतं. मला माझी दोरी द्या."

"मिळेल. पण उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं," वहिनी म्हणाल्या. "आणि चर बुजेपर्यंत मला हाक मारायची. नंतर नाही मारलीत तरी चालेल."

या अटीत काही खोच आहे का, ते अक्का तपासत असाव्यात. मीही तपासत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "येते."

डॉक्टरांनी एका डोळ्याला थोडी नजर परत आणून दिली, दुसऱ्याला नाही. बाग झाली. माझ्यापासून दारापर्यंत नवी जाड दोरी आली. तिच्याखाली सरळ वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही कडांना पायाला कळतील अशा उभ्या विटा. बाग पुरी झाली त्या सकाळी अक्का एकट्या निघाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत धाकटा आणि वहिनी श्वास रोखून उभे होते. अर्ध्या वाटेवर अक्का थांबल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "भांडी घासायचा आवाज थांबला. म्हणजे बघताय." लगेच आत भांडी वाजू लागली. अक्का माझ्यापर्यंत आल्या, फाटक उघडले आणि भाजीवाल्याला म्हणाल्या, "काल वांगी किडकी दिलीस."

मित्रांनो, माझा स्वभाव काही बदललेला नाही. उद्या रंगारी यायचा आहे म्हणतात आणि मला त्याचाही भरवसा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला मनापासून सांगतो. तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, सगळ्यांना अडगळ वाटणारी, जी कुणीतरी सोडायला तयार नसेल. ती फेकण्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, की हिचे तुम्हाला काय काम पडते? आणि घरात कुणाचा संशय आला, तर त्याच्यासमोरच बोला, हळू आवाजात नको. त्या अंगणात मी सगळे बघत होतो, तरी एक शब्द बोलू शकलो नाही. मी खांब आहे. तुम्हाला तोंड आहे.