वाकलेल्या रेघा

"अगदी मधोमध बघा," डॉक्टर म्हणाले. "रेघा वाकल्यात. पाण्यात काठी घातल्यावर दिसते तशा."

पडदेवाल्यांनी बघितलं. मॉनिटरवर त्यांनीच लावलेलं तपासणीचं चित्र होतं, काळ्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. रेघा पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ होत्या. त्यांनी एकदा डावीकडून वाकून बघितलं, एकदा उजवीकडून. मग टेबलामागे जाऊन वायर काढली आणि पुन्हा बसवली. काहीतरी करताना दिसणं भाग होतं.

रुग्णालयात त्यांना सगळे पडदेवाले म्हणत. सव्वीस वर्षं ते तिथल्या मॉनिटरचे पडदे सांभाळत होते. एका नव्या शिपायाने एकदा खिडकीच्या पडद्याची दांडी निसटल्याची तक्रार त्यांच्याकडे आणली होती. त्यांनी ती दांडीही मुकाट्याने बसवून दिली आणि तक्रारवहीत लिहिलं, "पडदा सुरू झाला." ती वही बघून एक्स-रेच्या खोलीतले हे म्हातारे डॉक्टर पोट धरून हसले होते.

पूर्वीचे मॉनिटर पेटीएवढे जाड होते, तेव्हा रेघा खरोखर वाकत. जवळ कुणी मोठा स्पीकर आणून ठेवला तरी चित्र कमरेत लचकायचं. पडदेवाले मागचं झाकण उघडून स्क्रू पिळायचे आणि एकेक रेघ ओढून सरळ करायचे. आताचे हे चपटे मॉनिटर वेगळे. यात चित्र अंधारतं, थरथरतं, रंग उडतो, एखादी अख्खी ओळ मरते. पण रेघ वाकत नाही. वाकूच शकत नाही. वायर हातात असतानाच पडदेवाल्यांना हे कळून चुकलं होतं.

"आता बघा बरं, साहेब."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, मान जरा तिरपी केली. "हं. थोडा फरक वाटतोय."

फरक पडायला काही झालेलंच नव्हतं. पडदेवाले हत्यारांची पिशवी आवरत म्हणाले, "वायर सैल होती. दोन दिवस बघू." आणि वहीत तसंच लिहून ते बाहेर पडले.

जिन्यावर ते मधेच थांबले. कारण हे डॉक्टर त्यांच्यासाठी नुसते साहेब नव्हते. अकरा वर्षांपूर्वी पडदेवाल्यांची बायको पायऱ्यांवरून घसरली आणि खांद्याचा एक्स-रे काढावा लागला. हाड शाबूत होतं. विषय तिथेच संपायचा. पण संध्याकाळी डॉक्टर स्वतः दोन मजले उतरून पडदेवाल्यांच्या खोलीत आले आणि स्टूल ओढून बसले. खांदा ठीक आहे म्हणाले, पण फोटोच्या कोपऱ्यात फुप्फुसाचा जेवढा तुकडा आलाय, त्यात एक सावली आहे, ती मला आवडलेली नाही. दुसऱ्या कुणी तो कोपरा बघितलाही नसता. शस्त्रक्रिया झाली. बायको आजही ओल्या टॉवेलवरून त्यांच्याशी रोज भांडत होती, आणि ते भांडण ऐकताना पडदेवाल्यांना कधीकधी मधेच गप्प व्हायला होई.

अशा माणसाला त्याचे डोळे गेलेत हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. आता रेघा तर वाकत होत्याच, शिवाय मधोमध एक धुरकट डागही दिसत होता. पडदेवाल्यांनी भांडारातून नवा कोरा मॉनिटर आणून लावला. पाचव्या दिवशी टेबल खिडकीपासून लांब सरकवलं. सातव्या दिवशी उजेड वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. डॉक्टर दर वेळी नीट आभार मानत. एकदा सहज बोलल्यासारखं ते म्हणाले, "गंमत बघा, मी जिथे बघतो तिथेच तो डाग येऊन बसतो." पडदेवाल्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेरच्या बाकांवर माणसं आपापल्या एक्स-रेची वाट बघत बसलेली असत. येता-जाता पडदेवाले त्यांच्याकडे बघणं टाळू लागले.

त्या दिवशी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मधे एकदाही तोडलं नाही. यांचं सांगून झालं, वर समजूतही घालून झाली, की डॉक्टर अनुभवी आहेत, अर्धं काम नजरेपेक्षा सवयीनेच होतं, निवृत्तीला सहा महिनेच राहिलेत. मग ती म्हणाली, "आज माझा फोटो त्यांच्यापुढे असता तर?"

त्या रात्री पडदेवाले अर्ध्या जेवणावरूनच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावताच एक्स-रेच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. खोलीत नेहमीसारखा अंधार होता. डॉक्टर हातातल्या यंत्रात अहवाल सांगत होते. समोर कुणा पुरुषाची छाती उजळली होती, बरगड्यांच्या कमानी, मधे हृदयाची पांढरट पिशवी.

"छाती स्वच्छ," डॉक्टर यंत्रात म्हणाले.

पडदेवाल्यांची नजर मॉनिटरवर गेली आणि उजव्या बाजूला वरती अडली. तिथे एक ठिपका होता. बारीक, फिकट, कडा विरलेली. त्यांना आधी वाटलं, मॉनिटरचाच दोष. नवा मॉनिटर, आणि आठवड्यात डाग? हाताच्या सवयीनेच त्यांनी माउस घेतला आणि चित्र थोडं बाजूला सरकवलं. दोष ओळखायची ही त्यांची नेहमीची पद्धत. ठिपका जागच्या जागी राहिला तर तो काचेतला.

ठिपका चित्राबरोबर सरकला.

त्यांनी पुन्हा सरकवून बघितलं. पुन्हा तेच. जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं डोक्यातून पुसलं गेलं.

"साहेब," ते म्हणाले, "हा ठिपका चित्राबरोबर सरकतोय."

"कुठला?"

सव्वीस वर्षं पडदेवाले लोकांवर ओरडत आले होते, की मॉनिटरला बोट लावू नका. त्यांनी बोट काचेवर टेकवलं. "हा. इथे."

डॉक्टर पुढे झुकले. बोटाकडे बघितलं, मग बोटाच्या बाजूला, मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून, चोरून बघावं तसं. बाहेर कुणीतरी खोकत होतं.

"हं," ते शेवटी म्हणाले. "मसुराएवढा आहे." त्यांनी हातातलं यंत्र बंद करून टेबलावर ठेवलं. "मॉनिटरला काही झालेलं नाही ना?"

"नाही, साहेब."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं."

पडदेवाल्यांनी मान हलवली, मग अंधारात ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "हो."

"मलाही होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला काय कळत नाही? पण मॉनिटर बिघडलाय असं कुणीतरी म्हणावं, एवढीच इच्छा होती. तुम्ही म्हणालात. आपण दोघांनी मिळून आठ दिवस घालवले, पडदेवाले."

मग त्यांनी स्वतःच फोन उचलला. नंबर दाबताना दोनदा चुकले. पडदेवाले पुढे झाले नाहीत. डॉक्टरांनी वरच्या मजल्यावरच्या धाकट्या डॉक्टरीणबाईंना खाली बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की माझी मधली नजर गेली आहे, गेल्या महिन्याभरातला माझ्या हातून गेलेला प्रत्येक एक्स-रे तुम्ही पुन्हा बघायचा, आणि मी जे लिहिलंय ते न वाचता बघायचा. त्या काही बोलू लागल्या, तर ते म्हणाले, "आधी हा बघा. हा माणूस अजून बाहेर बसलाय."

डॉक्टरीणबाई चार दिवस बसून होत्या. चारशेच्या वर फोटो निघाले. त्यांत तीन चुकलेले सापडले. एक जुना, भरून आलेला व्रण होता, त्याचं काही नव्हतं. एका गृहस्थांना बोलावून लगेच उपचार सुरू केले. तिसरा फोटो एका बाईंचा होता, वय एकतीस. खोकला जात नाही म्हणून आल्या होत्या आणि "छाती स्वच्छ" हा कागद घेऊन परत गेल्या होत्या. पडदेवाल्यांनी तक्रारवही काढून तारीख ताडून बघितली. वायर सैल होती असं त्यांनी वहीत लिहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची होती ती.

अर्जावरचा फोन लागत नव्हता. पत्र पाठवलं, ते परत आलं. सुट्टीच्या दिवशी पडदेवाले स्वतः त्या पत्त्यावर गेले. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, गेल्या गुरुवारी खोली सोडली, बहिणीकडे जाते म्हणाली. बहीण कुठे असते? ते काही बोलली नाही. पण खुशीत होती हो, शेजारीण म्हणाली, सगळं चांगलं निघालं म्हणत होती, महिनाभर जीव टांगणीला लागला होता तिचा. पुढच्या सुट्टीत पडदेवाले पुन्हा गेले. खोलीत तोपर्यंत दुसरं कुटुंब आलं होतं. त्यांच्या दारात चपलांची रांग होती आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. पडदेवाल्यांनी दार न वाजवताच पाय मागे घेतला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. यांचा चेहरा बघून तिने हातातली घडी तशीच सोडली आणि उठून पाणी आणलं.

डॉक्टरांनी काम ठिपका सापडला त्याच दिवशी सोडलं होतं. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. आता महिन्यातून एकदा ते डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्याच रुग्णालयात येत. आहे तेवढी नजर टिकावी म्हणून, गेलेली परत येणार नव्हती. डोळ्यांच्या विभागातल्या परिचारिका त्यांना आत घ्यायला धावत, पण ते ऐकत नसत. बाहेरच्या खिडकीवर नंबराची चिठ्ठी घेत आणि बाकावर इतरांबरोबर बसत.

एकदा पडदेवाले कामासाठी तिथून चालले होते. त्यांनी डॉक्टरांना बघितलं, हातातली पिशवी बाकाखाली ठेवली आणि शेजारी बसले. डॉक्टरांनी मान तिरपी करून त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं.

"त्या बाईंचा काही पत्ता?"

"नाही, साहेब."

समोर भिंतीवर नंबराचा फलक होता, लाल आकड्यांचा, चांगला हातभर उंच. लांबच्या बाकावरच्या म्हातारीलाही तो वाचता येत होता.

"कितवा चालू आहे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"एकोणीस. तुमचा?"

डॉक्टरांनी घामाने ओली झालेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. चौतीस होता.

आत एक नाव पुकारलं गेलं. कुणीतरी काठी टेकत उठलं. फलकावरचा आकडा बदलला.

"वीस," पडदेवाले म्हणाले.