फारच स्वच्छ आलेख

"अहवालावर सही कर ना गं, कॉफी गार होतेय," गेर्बेन प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाला.

मी आलेखावरून नजर काढली नाही. लेउवार्डेन शहरातल्या एका पोराच्या गाडीत सापडलेल्या नशेच्या पुडीचा तो आलेख. पोरगा सहा आठवडे कोठडीत, उद्या सुनावणी. या द्रव्याचे दोन समघटक आहेत. अणू तेच, तितकेच, फक्त एक गट शेजारच्या जागी बसलेला. एकावर बंदी, दुसऱ्यावर नाही. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो तो अवरक्त किरणांनी. गेर्बेनचा आलेख म्हणत होता, बंदीचाच.

"हा फारच स्वच्छ आहे," मी म्हणाले.

"मग? घाण असता तर लगेच सही केली असतीस?"

"रस्त्यावरच्या पुडीत कॅफिन तरी मिसळलेलं असतंच रे. इथे काहीच नाही."

"आई झाल्यापासून तुला सगळ्यातच किडे दिसतात, योरीन. काल पाळणाघरात किती फोन केलेस?"

"चार."

तो हसला. माझ्या बाळाला, मिलूला, ताप नव्हताच. एकतीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा, माझीच मला लाज वाटली. तरी पुडीचं पाकीट मागून घेतलं.

अवरक्त किरणांच्या यंत्रावरची हिऱ्याची इवलीशी खिडकी दोनदा पुसली, चिमूटभर पूड ठेवून दाबली. पडद्यावर कॅफिनची शिखरं उभी राहिली. आणि जिथे हे दोन समघटक वेगळे ओळखू येतात, तिथलं शिखर सरकलेलं होतं. म्हणजे बंदी नसलेला समघटक.

गेर्बेन पडद्याच्या अगदी जवळ आला. मग स्वतःचे दोन्ही आलेख त्याने एकावर एक धरले; तंतोतंत एकच. आधी तुलनेसाठी बंदीच्या द्रव्याचा बाटलीतला शुद्ध नमुना मोजायचा, मग पाकिटातला. त्याने दोन्ही वेळा बाटलीतलाच मोजला होता.

"मी अहवालाला नुसतं नवीन पान जोडते," मी पुटपुटले. "कुणाला कळायचंही नाही."

"गप्प बस, पोरी."

त्याने सरकारी वकिलांच्या कचेरीला फोन लावला. "गेर्बेन टेर्पस्ट्रा बोलतोय. उद्याच्या सुनावणीचा अहवाल चुकलाय. ती पूड बंदीची नाही. हो, चूक माझी."

फोन ठेवून त्याने नमुन्यांच्या पाकिटांचं कपाट उघडलं. "मार्चपासूनचे माझे सगळे अहवाल काढ. बायको गेल्यापासूनचे. पुन्हा मोजायला तू बस."

बाह्या दुमडून त्याने पहिलं पाकीट उचललं, वरचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि मलाही वाचायला लावला.