साहेब काय म्हणतोय

“...तर ससा म्हणाला, मला गाजर फार आवडतं ही अफवा आधी कोणी उठवली ते सांगा. मी इथे कोबीच्या पानासाठी कासावीस झालोय आणि ह्या दोघी माझ्या तोंडापुढे गाजर नाचवतायत.”

बाकावरच्या दोघी बहिणी खुदखुदल्या. पिंजऱ्यातला ससा नाक हलवत राहिला. फरशीवर ओलं फडकं फिरवता फिरवता मावशी पुढचं वाक्य मनात जुळवत होत्या, तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली, “मावशी, मांजर धरायला या.”

जनावरांच्या त्या दवाखान्यात मावशींचं काम हेच. फरशी पुसायची, पिंजरे धुवायचे, टेबलावर बिथरलेलं जनावर धरून ठेवायचं. गोष्टी कामात धरलेल्या नव्हत्या. एकदा कान फाटलेला बोका घेऊन आलेलं एक पोर हुंदके देत रडत होतं, तेव्हा मावशी बोक्याच्या वतीने बोलून गेल्या होत्या, की समोरच्याला जाऊन बघा, त्याची अवस्था माझ्याहून वाईट आहे. पोर हसलं. तेव्हापासून बाकावर मुलं दिसली की मावशी त्यांच्या जनावरांची कैफियत मांडत. स्वतःच्या वतीने बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटे. घरी नवऱ्याला दमा, त्यामुळे केसाळ प्राणी पाळायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी बाहेरच्या न्हाणीत कपडे बदलल्याशिवाय त्या घरात पाय टाकत नसत. नवरा म्हणे, “जगातल्या सगळ्या मुक्या प्राण्यांची वकील आणि घरात स्वतःच मुकी.” त्या हसून चहा टाकत.

गोष्टींचा त्यांचा एकच नियम होता. जनावराला कळेल तेवढंच त्याने बोलायचं. वास, आवाज, ऊब, भूक. त्यापलीकडचं त्याच्या तोंडी घातलं की मुलं लगेच पकडतात.

मांजराची पट्टी बांधून त्या बाहेर आल्या, तर दारातून एक उंच माणूस मोठा कुत्रा चादरीत गुंडाळून उचलून आणत होता. मागून आठेक वर्षांची त्याची मुलगी चादरीचं लोंबणारं टोक सावरत येत होती. कुत्रा म्हातारा होता. मावशी त्याला ओळखत होत्या, सगळेच ओळखत होते. तो रुबाबात बसून सगळ्यांकडे बघायचा म्हणून त्याचं नावच साहेब पडलं होतं. आता त्याची मान बापाच्या कोपरावरून खाली लटकत होती.

बापाने साहेबाला आत टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन मावशींना कोपऱ्यात घेतलं.

“आज शेवटचं इंजेक्शन द्यायचंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “हिला माहीत नाही. हिला सांगितलंय की सुई टोचली की बरा होईल. नंतर सांगेन, डॉक्टरांनी ठेवून घेतला, मोठ्या अंगणाच्या घरी पाठवला. तुम्ही गोष्टी सांगता ना? मी बोलावेपर्यंत तिला गुंतवून ठेवा.”

मावशींना काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते जुळेना. त्यांनी मान हलवली. बाप आत गेला, दार लागलं.

मुलगी बाकाच्या कडेवर बसली. “मावशी, साहेब काय म्हणतोय?”

“साहेब म्हणतोय,” मावशींनी सुरुवात केली, “आज मला कडेवर घेऊन आणलं. एवढ्या मोठ्या माणसाला कडेवर घेतात का? लोकांनी बघितलं असेल तर माझी काय अब्रू राहिली?”

ससावाल्या बहिणी हसल्या. मुलगीही हसली, पण तिची नजर दारावर होती. मावशी उठल्या, त्यांनी बादली इकडची तिकडे केली. परत बसल्या. साहेबाने एकदा चप्पल पळवली होती तो किस्सा काढला आणि चप्पल कोणाची ते सांगायचंच विसरल्या. पुन्हा उठून, सरळच असलेल्या खुर्च्या त्यांनी सरळ केल्या. आतून टेबलाच्या पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज आला, मग एक बारीक कण्हणं.

“आता काय म्हणतोय?” मुलीने विचारलं. “आत्ता, आत?”

मावशींनी अंगणाचं सांगायला तोंड उघडलं. मोठं अंगण, ऊन, धावायला जागा. पण साहेबाला त्या अंगणाचा काय पत्ता? त्याने ते कधी हुंगलेलं नव्हतं.

“तो म्हणतोय, इथे औषधाचा वास येतोय,” त्या सावकाश म्हणाल्या. “टेबल गार आहे. मी दमलोय. फार दमलोय. तो म्हणतोय, माझी दोन माणसं होती. एकाचा वास इथेच येतोय. दुसरीचा येत नाही.”

“दुसरी म्हणजे मी?”

“हो.”

मुलगी बाकावरून उतरली. मावशींच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. “मावशी, तो मरणार आहे का? तो काय म्हणतोय?”

मावशींचे हात मांडीवरच्या ओल्या फडक्यात गुंतले होते. ते त्यांनी सोडवले. “तो ह्यातलं काही म्हणत नाहीये. त्याला ते ठाऊकच नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी सांगतेय. हो, बाळा. आज मरणार आहे.”

मुलगी रडली नाही. दारापाशी गेली आणि थांबली, कारण दाराचा खटका तिच्या हाताला पोचत नव्हता. मावशींनी उठून खटका दाबला.

बाप वळला. मुलीला बघून त्याचा चेहरा लाल झाला. “मावशी, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई तयार होती. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग मुलीकडे. “येऊ दे तिला,” त्या म्हणाल्या.

मुलीने टाचा उंचावून साहेबाच्या नाकापाशी तोंड नेलं. त्याच्या शेपटीचं टोक चादरीखाली दोनदा हललं. मावशींनी सवयीने त्याला धरायला हात पुढे केले आणि मागे घेतले. धरावं लागेल एवढा जोरच त्याच्यात राहिला नव्हता.

सगळं उरकल्यावर बाप मावशींच्या मागून बाहेर आला. “तुमचं काम फरशी पुसायचं आहे,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. “माझ्या पोरीला काय सांगायचं आणि काय नाही, ते मी ठरवणार. तुम्ही कोण?”

“मी कोणी नाही,” मावशी म्हणाल्या. “पण तिने विचारलं, आणि मला दुसरं काही सांगता येईना.”

त्यांच्या तोंडून स्वतःसाठी एवढं लांब वाक्य आलं, ह्याचं त्यांनाच नवल वाटलं. आत मुलगी साहेबाच्या कानांवरून हात फिरवत होती, दारातून दिसत होती. साहेबाला न्यायची गाडी यायला वेळ होता. बाप येरझाऱ्या घालू लागला. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, पुन्हा खिडकीपर्यंत. बहिणींनी ससा जवळ ओढून घेतला. शेवटी बाप बाकाच्या टोकाला बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. मावशी आपलं फडकं पिळत राहिल्या.

मग तो म्हणाला, “माझ्याबद्दल काय म्हणाला असता?”

मावशींना आधी कळलं नाही. “कोण?”

“साहेब.”

मावशींना काहीतरी गोड बोलून टाकणं अवघड नव्हतं. “मी तुमच्या घरी कधी आले नाही,” त्या म्हणाल्या. “मला नाही सांगता येणार. तुम्हाला येईल.”

बाप जमिनीकडे बघत म्हणाला, “मी दारात झोपायचो.”

मावशींनी फडकं बादलीच्या काठावर टाकलं.

“मी दारात झोपायचो,” तो पुन्हा म्हणाला. “हा माणूस उशिरा यायचा. चिडलेला असायचा. जिन्यावर त्याचा पाय वाजला की मला कळायचं. मग तो... आत यायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. आधी माझ्यापाशी खाली बसायचा.”

ससावाल्यांपैकी धाकटी बाकावरून त्याच्याकडे थोडी सरकली.

“मग?” तिने विचारलं.