नळ चावतो

माझ्या नवऱ्याने मला दीड महिना भ्रमिष्ट ठरवलं, तेव्हा ही गोष्ट मी हळू आवाजात सांगणार नाही.

सुरुवात झाली मागच्या अंगणातल्या नळापासून. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मकायमधली ऊसतोड नुकतीच संपली होती आणि हवा अशी, की अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटावं. टोमॅटोला पाणी घालायला मी अनवाणीच बाहेर आले, नळाला हात लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात झटकला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सालवू, नळाला करंट आहे," मी ओरडले.

सालवू म्हणजे माझा नवरा. साखर कारखान्यात उभा जन्म इलेक्ट्रिशियन होता. माल्टाहून इथे आलेल्या आम्हा माल्टी लोकांत कुणाचा पंखा अडला तरी आधी सालवूला फोन जातो. खुर्चीतून न उठता तो म्हणाला, "या घराचं वायरिंग मी केलंय, जूझे. माझ्या घरात नळाला करंट येत नाही."

"मग मला हे काय होतंय?"

"वय."

मी हटले नाही, तेव्हा उठला. कारखान्याचे जाड रबरी तळाचे बूट चढवून आला, नळ मुठीत धरला, म्हणाला, "बघ. काही आहे?" अशा बुटांत करंट लागत नाही, हे त्याने किती पोरांना शिकवलं असेल! पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. नंतर आलं, म्हणून राग दुप्पट.

धुण्याच्या खोलीतल्या नळालाही तसंच व्हायला लागलं. मी रोज सांगायची, तो रोज हसायचा. शेवटी मला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं आणि माझ्यादेखत डॉक्टरला म्हणाला, "हिच्या नसांचं काहीतरी आहे. शिवाय मनाला फार लावून घेते." डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेऊन मला अशी गुंगी यायची, की रविवारी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना घोरले. सालवूने ती गोष्ट चार जणांना रंगवून सांगितली.

मग नाताळच्या आधी मुलीने तिलीला आमच्याकडे ठेवलं. तिली माझी नात, मला नन्ना म्हणते, अजून तीन वर्षांचीही नाही. चिखलात खेळून हात धुवायला नळाशी गेली आणि किंचाळत माझ्याकडे पळत आली.

"नन्ना, नळ चावतो!"

मी तिला छातीशी धरलं. तिचा तळहात उघडून पाहिला, फुंकर घातली. तिच्या नसांना काय झालं होतं? तिचं वय काय झालं होतं?

तिला घरात बसवलं, बाहेर पडू नकोस म्हणून दटावलं आणि गॅरेजच्या भिंतीवरचा विजेचा डबा उघडला. त्यात सेफ्टी स्विच असतो. त्यावरचं बारकं बटण दाबलं, की स्विच पडून वीज गेली पाहिजे. कुठे वीज गळायला लागली तर हाच स्विच पडतो आणि माणूस वाचतो. हे मला कुणी शिकवलं? सालवूनेच. दर तीन महिन्यांनी बटण दाबून बघा, असं तो लोकांना सांगत फिरायचा.

मी बटण दाबलं. टक् झालं, स्विच पडला. आणि घरातलं क्रिकेटचं समालोचन तसंच चालू राहिलं. दिवा चालू, पंखा चालू.

मी आत जाऊन टीव्हीपुढे उभी राहिले. "सेफ्टी स्विच पडलाय. मग तू क्रिकेट कसं बघतोयस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "जुना झालाय तो. उद्या बघतो."

"आत्ता."

"उद्या म्हटलं ना!"

मी वाद घातला नाही. डेझलीला फोन लावला. डेझली त्याच्याच हाताखाली कारखान्यात शिकलेली, आता स्वतःचं काम करते. ती आली तेव्हा सालवू डब्यापुढे हात पसरून उभा.

"माझ्या बोर्डाला कुणी हात लावायचा नाही."

"उस्ताद, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मावशी रडतायत."

"मी रडत नाहीये," मी म्हटलं. "मी चिडलेय."

तिने मुख्य वीज बंद केली, झाकण काढलं, आत बॅटरीचा झोत टाकला. मग म्हणाली, "स्विच नुसता दाखवायला ठेवलाय. त्याला वळसा घालून तारा सरळ पुढे नेल्यात. कुणी केलं हे?"

सालवू काढलेलं झाकण उचलून बाहीने पुसायला लागला.

"उस्ताद, कुणी केलं?"

"फ्रीझरमुळे," तो पुटपुटला.

शेडमधल्या जुन्या फ्रीझरमुळे तो स्विच सारखा पडायचा. ईस्टरला आम्ही ब्रिस्बेनला गेलो तेव्हाही पडला आणि फ्रीझरभर मांस सडलं. फ्रीझरमध्ये वीज गळत होती, स्विच बिचारा तेच ओरडून सांगत होता. सालवूने फ्रीझर फेकायच्या ऐवजी स्विचचं तोंड दाबलं.

डेझली शेडमध्ये जाऊन आली. फ्रीझरची अर्थिंगची तार गंजून तुटली होती आणि मागची बाजू पाण्याच्या पाइपला टेकली होती. तोच पाइप अंगणातल्या आणि धुण्याच्या खोलीतल्या नळाला जातो.

"कारखान्यात मी असं केलं असतं तर?" तिने विचारलं.

"हाकललं असतं तुला," सालवू म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं पुण्य.

"सगळं नीट होईपर्यंत मी वीज देणार नाही," म्हणून ती सामान आणायला गेली.

मग मी त्याला विचारलं, "मी नळाचं सांगितलं, तेव्हा तुला शंका आली होती का?"

तो बुटांकडे बघत राहिला. "आली होती. पण डबा उघडला असता, तर तारा दिसल्या असत्या."

"म्हणून मला गोळ्या चारल्यास?"

"जूझे, मला वाटलं नव्हतं इतकं—"

"तिली मेली असती, सालवू! आणि तू माझ्या नसा तपासत बसला होतास!"

त्याने माझा हात धरायला हात पुढे केला. मी हात मागे घेतला.

डेझलीने नवा स्विच बसवला, अर्थिंग नीट केलं, फ्रीझर तिच्याच ट्रकमधून भंगारात गेला. त्या संध्याकाळी सालवू हळूच म्हणाला, "क्लबात काही बोलू नकोस. इतक्या वर्षांचं नाव आहे माझं."

रविवारी माल्टी क्लबात जेवायला तीसेक माणसं होती. सशाचा रस्सा वाढला जात होता. मी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या झिणझिणीपासून फ्रीझरपर्यंत, एक शब्द न गाळता. बायका तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. सालवूचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कुणीतरी "अरे सालवू!" म्हणालं. तो उठला आणि बाहेर गेला. खिडकीतून आमची गाडी निघून जाताना दिसली.

मी रस्सा संपवला, आणखी थोडा मागून घेतला. घरी मला क्लबातल्या माझ्या मैत्रिणीने, कोनीने सोडलं. सालवू पायरीवर बसला होता.

"अजून रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"ते मी ठरवीन," मी म्हटलं आणि त्याला ओलांडून आत गेले.